जोडसायकल

रविवारी सकाळी सातला
लेओन्सियो त्याच कोपऱ्यावर उभा असतो
जिथे आठवडाभर लॉटरीची तिकिटं विकतो.
आधी हाताने मागची सीट चाचपतो, मग घंटी.
मागच्या हँडलला घंटी त्यानेच हट्टाने लावून घेतली.
"पुढे तू बस," म्हणतो, "पण आवाज माझा."

पालेन्सिया मागे पडतं. कालव्याचा काठ लागतो.
ब्रेक माझ्याकडे, गिअर माझ्याकडे,
बघण्याचं कामही माझ्याकडेच.
"डावीकडे कापलेला गहू. उजवीकडे पाणी, हिरवं."
"हिरवं म्हणजे? काकडीसारखं की बाटलीसारखं?"
"बाटलीसारखं."
"मग ठीक."
नऊ वर्षांचा होईपर्यंत त्याला दिसत होतं,
म्हणून रंगांच्या बाबतीत तो फार चोखंदळ.
नंतर निघालेले रंग मात्र समजावून सांगावे लागतात,
माझ्या जाकिटाचा हा पिवळा, उदाहरणार्थ,
जो कुठल्याच फुलाचा नाही.

पंक्चर तो काढतो.
ट्यूब ओठांजवळ धरून हळूहळू फिरवतो;
हवा कुठून येते ते ओठाला कळतं.
मग टायरच्या आतून बोट, आणि हा सापडला:
सराटा, तीन काट्यांचा.
खिशात टाकतो. असे सतरा आहेत म्हणे त्याच्या घरी, वाटीत.

बारमध्ये दोमितिला कॉफी ओतता ओतता
मला विचारते, "यांना साखर किती?"
"दोन चमचे," लेओन्सियो म्हणतो, "आणि यांना ऐकू येतं."
ती इतकी लाजते
की बटाट्याच्या ऑम्लेटचे पैसे घेत नाही.
बाहेर आल्यावर तो मला म्हणतो,
हे वाक्य वर्षाला चार ऑम्लेटं मिळवून देतं.

दुपारी वारा समोरून. बोलणं बंद.
मांड्या भरून येतात, रस्ता संपत नाही,
मैलोन् मैल एक झाड नाही
ज्याच्याबद्दल सांगावं.
शेवटी सूर्यफुलांचं शेत येतं, सप्टेंबरातलं,
काळं पडलेलं, माना टाकलेलं.
मी म्हणते, "सूर्यफुलं! पिवळीधमक!"
तो काहीच बोलत नाही.
वाळलेली पानं एकमेकांवर खडखडतात.
त्या आवाजात मी अर्धा किलोमीटर पायडल मारते.

मग वाल्देसोर्दा. त्याचं गाव.
वेशीबाहेर त्याच्या बापाचा कबुतरखाना होता, मातीचा, गोल;
आतून विष्ठेची पोती भरून काढायचं काम याचं,
नऊ वर्षांचा होईपर्यंत, आणि नंतरही.
"आहे का अजून?"
कमरेएवढी भिंत उरलीय. आत एरंडासारखं काहीतरी माजलंय.
"आहे," मी म्हणते. "छपराची चार कौलं गेलीत, बस्स."
"थांबव."

उतरतो. दहा पावलं चालतो, बरोबर दहा.
तोंड वर करून उभा राहतो.
शर्ट पाठीमागे फडफडत असतो.
"भिंत असती," तो म्हणतो,
"तर वारा इथे अडला असता."

परतीच्या वाटेवर मी सगळं खरं सांगितलं.
डुकरांचा गोठा, त्यामागे काळ्या प्लॅस्टिकचा डोंगर.
बंद शाळा. खिडकीत कुणाचा तरी उन्हाने पांढरा पडलेला गालिचा.
पवनचक्क्या किती, चालू किती.
नाल्यात उलटी पडलेली मेलेली ट्रॉली.
तो "अजून?" म्हणत राहिला,
प्रत्येक घाण गोष्टीला घंटी वाजवत,
आणि कालव्याशी पोहोचलो तेव्हा
माझा घसा बसला होता, त्याचा अंगठा दुखत होता.

सोमवारी औषधांचं दुकान उघडायला निघाले
तर कोपऱ्यावर तो एका गिऱ्हाइकाला
शेवटचा आकडा चार असलेलं तिकीट देत होता
आणि सांगत होता, काल गावी जाऊन आलो,
सूर्यफुलं पार वाळलीत यंदा, माना टाकून उभी आहेत.
कबुतरखाना मात्र आहे तसा आहे.
चार कौलं गेलीत, बस्स.