चुना न लावलेली जागा

सर्जेकोटच्या बर्फ कारखान्यात माझी रात्रपाळी,
एकोणीस वर्षं. कॉम्प्रेसर बोलतो, मी ऐकतो.
दारावरच्या ट्यूबलाइटशी जे काय येतं
त्याला आम्ही पाखरू म्हणतो. मोठं असलं तर मोठं पाखरू.

हे त्यातलं सगळ्यात धाकटं.
भाताच्या तुसाएवढं. रंग सुकटीच्या भुकटीचा,
कडेला एक रेघ, बांगड्याच्या पोटावर असते तशी.
बसतं ते बूड वर करून, डोकं भिंतीला.
देवळाच्या पायरीवर डोकं टेकवलं
आणि तिथेच डुलकी लागली, तसं.

कॉलेजातून हिमाली साटेलकर आली,
पांढरा पडदा, दिवा, चिमटा घेऊन.
तीन रात्री जेट्टीवर बसली.
म्हणाली, काका, याचा एकच नमुना आहे जगात,
परदेशातल्या कपाटात, टाचणीला,
आणि त्याचाही एक पंख गेलेला.
खातं काय, अंडी कुठे घालतं, कुणालाच ठाऊक नाही.
तुमच्याकडे काय म्हणतात याला?

काय म्हणत नाय, मी म्हटलं
आणि ओशाळलो,
शेजारच्या पोराचं नाव
इतकी वर्षं विचारायचंच राहिलं, तसा.

तिला एक सांगितलं नाही.
मे महिन्यात एक पडलं होतं डब्यात.
पाणी कडेने गोठत आत येतं,
हवा, धूळ, सगळं मधोमध ढकलत,
म्हणून लादीचं काळीज नेहमी दुधाळ.
हे मात्र काठाशीच अडकलं, काचेत असावं तसं,
पंख उघडे. उघडे मी तेव्हाच पाहिले.
बाहेर दादू मेथर ओरडत होता,
बर्फ टाक रे, सुकती लागली!
मी लादी क्रशरमध्ये ढकलली.
'निर्मळ माउली'च्या खणात,
सुरमईच्या खाली
गेला जगातला दुसरा नमुना.

श्रावणात, मागच्या जांभ्याच्या भिंतीवर,
जिथे थंड पाइपाला घाम सुटून पाणी ठिबकतं,
तिथे दगडफुलासारखी हिरवट खपली धरते.
तिचाच एक कण चालत होता.
वाकून पाहिलं. खाली अळी,
पाठीवर खपलीचं घर घेऊन निघालेली.
फोटो पाठवला, हललेला.
हिमालीचं उत्तर आलं: असेल.
पाखरू निघेपर्यंत सांगता येत नाही. तोवर तिथे हात लावू नका.

चतुर्थीआधी मालक भिंतीला चुना काढतो.
रंगारी बादली घेऊन आला.
एवढी जागा सोड, म्हटलं.
केवढी?
मी भिंतीवर तळहात धरला, न टेकवता, बोटं फाकून.
तो हसला. हाताभोवतीनं ब्रश फिरवला,
माझ्या नखांनाही चुना लागला.

मालकाला सांगितलंय, ओल आहे,
तिथे चुना धरत नाही.

रात्री दीडला तेल बघायला उठतो
तेव्हा बॅटरी मारून येतो.
खपली आहे. घर आहे, उलटं टांगलेलं, बंद.
परवापासून हललेलं नाही.