निपाणी, सहावी फेरी

तंबाखूच्या वखारीत पट मांडलेत.
पोती गेली, वास गेला नाही.
तिसऱ्या पटावरची पोरगी शिंकते, प्यादं आडवं होतं,
पंच भिंतीवरच्या पंख्याकडं बघत राहतात.

मी चिकोडी गाडीची कंडक्टर. रजा टाकून आलो.
आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात,
पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं. येऊ दे.

समोर गोकाकची शिवलीला हिरेमठ, बारावी,
वेणीत अबोली, रेटिंग माझ्यापेक्षा दोनशेनं वर.
तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं.
मी सी-फाइव्ह.
तोंडावर जाऊन भिडायचं नाही.
गच्च गाडीत मागच्या दारातनं शिरून
तिकीट फाडत पुढं सरकायचं, तसलं सिसिलियन.

तिचा राजा डावीकडं, माझा उजवीकडं.
आता माघारी फिरायला दोघींनाही जागा नाही.
तिचं एच-प्यादं सुटलं
तवंदी घाटात ब्रेक गेल्यासारखं.

माझी दोन मिनिटं, तिची चार.
सुट्टे मोजून मोजून हात असा झालाय
की मला विचारत नाही.
हत्ती उचलला, सी-थ्रीच्या घोड्यावर ठेवला.

पाठीमागं कुणाचा तरी बाप
च्च म्हणाला.

शिवलीलेनं अबोली काढून पाण्याच्या बाटलीशी ठेवली.
बराच वेळ ती तशीच.
मग प्याद्यानं हत्ती घेतला,
आणि तिच्या राजाचं कुंपण मोडलं.

पुढचं मला नीट आठवत नाही.
उंटाला उंट गेला. घोडा कधी दिला?
आठवतो तो वजीर:
शह, राजा कोपऱ्यात.
शह, राजा बाहेर.
शह.
नऊ सेकंद, दहा, परत नऊ.
तिनं हात पुढं केला. बरोबरी.

च्चवाला मोबाईल घेऊन आला,
म्हणाला, तिथं एक चाल गप्प थांबला असता, मात होती.
मी म्हटलं, नको दाखवू.

शिवलीला सोंगट्या परत लावत होती.
''आनी याक कोट्री?''
आनी म्हणजे हत्ती. का दिला?
''दारी बेकित्तु,'' मी म्हटलं. वाट हवी होती.
तिला ते पटलं नाही. तिनं घोडा परत सी-थ्रीवर ठेवला,
दाखवा म्हणाली.

बाहेर साडेपाचची गोकाक गाडी सुटली.
ती दचकून उठली.
मी म्हटलं, बैस गं,
सहाचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे.