आले, आल्या

अ‍ॅन आर्बर, फेब्रुवारी. बिझनेस स्कूलच्या तळघरात
आमच्या क्लबचं जेवण: गार पिझ्झा,
सल्लागार कंपनीची तीन माणसं,
गळ्यात नावांचे बिल्ले.
माझा मी उलटा फिरवून ठेवलेला.

दुसऱ्या वर्षाची लोरेटा म्हणाली,
"सुलटा कर. कोऱ्या पाठीला कोण नोकरी देतं?"
आणि बायकोची ओळख करून दिली,
मीठ पुढे सरकवावं तशी.

इंग्रजीत माझं भागतं.
पार्टनर म्हटलं की झालं.
मराठीत क्रियापद चहाडी करतं.
आईला एवढंच ठाऊक, कुणीतरी आहे.
"काय करतात?" "शिकतात."
"जेवतात ना वेळेवर?" "हो."
दीड वर्ष मी वर्तमानकाळातच राहिले,
तिथं कुणाला काही कळत नाही.

रात्री पार्किंगमध्ये
मरिसोल काचेवरचा बर्फ खरवडत होती,
तेव्हा इचलकरंजीहून फोन.
"आले का ते न्यायला?"

बिल्ला अजून गळ्यात होता.
"आल्या," मी म्हणाले.

तिकडे सकाळचा कुकर.
एक शिट्टी. दुसरी.
गॅस बंद केल्याचा आवाज.

"थंडी असेल ना गं," आई म्हणाली,
"हातमोजे घातलेत का त्यांनी?"