लाभ

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत
दहावीच्या शिकवणीला हर्षाली शेडगेने आणली
मजुरीच्या पावतीमागे पेन्सिलीने लिहिलेली कविता.
"पप्पांची आहे. वृत्त ओळखून द्या, बाई."

   गहू मोजताना मला झोप नाही
   घरी मोज चाले, तिथे गोण नाही
   लाभ, दोन, तीन, चार, थप्पी चढत जाते
   उभी रात्र सारी मला पाठ नाही

लघूला मी वाटी काढली, गुरूला काठी.
वाटी काठी काठी, चार वेळा.
भुजंगप्रयात, म्हणाले. पोरांनी वहीत उतरवलं.
"नाही"खाली "नाही"च. हे यमक नव्हे,
एकच गोण तीनदा उचललीये.
शेवटच्या "पाठ"ला गोल केला. श्लेष, एक गुण.
हर्षाली खिडकीबाहेर बघत होती.

तिसरी ओळ मात्र बसेना.
पहिल्याच अक्षराला काठी,
आणि अक्षरं पंधरा, हवीत बारा.
मी लाल पेनाने वर लिहिलं:
   पहा लाभ, दोनी, पुढे तीन, चारी
आता बोटांवर मोजा. बसली की नाही?

रविवारी हणमंत शेडगे स्वतः आले.
खुर्चीवर टेकले नाहीत, कमरेला पट्टा होता,
भिंतीला खांदा लावून उभे राहिले.
पावती डोळ्यांपासून लांब धरून
माझी ओळ दोनदा वाचली.

"झ्याक बसवलीय, बाई.
पण ह्यो 'पहा' कुणाला म्हणू?
पाठीवर पन्नास किलो. मान वर होत न्हाई."

मी म्हटलं, मग "लाभ" तरी मागे सरकवू,
आधी एखादं लघू अक्षर हवंच.

"लाभाच्या आधी काय न्हाई वो," ते म्हणाले.
"दाणाबाजारात पहिल्याला एक म्हणत न्हाईत.
मोजणी तिथनंच सुरू."

मग जागच्या जागी पावलं टाकत
त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली.
"थप्पी"शी किंचित थांबले, खांदा बदलला,
आणि उरलेली अक्षरं फळीवरून चढल्यासारखी
एकेक करून वर गेली.
मी बोटं मिटून घेतली.

लाल शाई खोडता येत नाही.
"पहा"वर मी पांढरी पट्टी चिकटवली,
ती ओळीपेक्षा जास्त दिसते.

रात्री घरी जाताना लिफ्ट बंद होती.
पहिल्या पायरीला सवयीने "एक" म्हणाले,
थांबले,
खाली उतरले,
आणि पुन्हा पाय उचलला.