छत वाजवून पाहणं

वर्षात अख्खं बायबल उरकायचं होतं मला.
तक्ता केला होता: रोज चार अध्याय,
रविवारीही सुट्टी नाही.
मासेरूच्या कारखान्यात मी जीन्सचे खिसे शिवते,
तासाला एकशे ऐंशी.
त्याच हातानं पानं उलटत होते.
आज्ञेला लाल पेन, वचनाला हिरवं,
आणि जिथं काहीच कळलं नाही तिथं पिवळं,
म्हणजे ते तरी उजळ दिसेल.

ईस्टरच्या सुट्टीत डोंगरावर गावी आले,
न्ताते रापेलांगांच्या अंगणात
माझं रंगीबेरंगी पुस्तक उघडून बसले, थोडं मिरवतच.
ते खोकले. खाणीतून आणलेला खोकला,
पेन्शनीच्या आधी घरी पोचलेला.
म्हणाले, "छान. गोधडी झालीय.
आता यातलं एक ठिगळ सांग पाहू."

मला एकही सांगता येईना.

सत्तावीस वर्षं ते जमिनीखाली होते,
परक्या देशात, परक्या सोन्यासाठी.
अक्षरओळख साठाव्या वर्षी,
मेंढ्या राखणाऱ्या पोरांच्या रात्रशाळेत,
पोरांच्याच पाटीवर.
"पण वाचायचं कसं, ते आधीच येत होतं," ते म्हणाले.
"खाली उतरलं की पहार घ्यायची
आणि डोक्यावरचं छत ठोकायचं, हात हात पुढं.
दगड ठणठणीत असला तर खणखणतो.
पोकळ असला तर भद्द बोलतो.
भद्द आलं की थांबायचं,
मुकादम कितीही ओरडू दे."

"म्हणजे वचनात पोकळ जागा असते?"
ते हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचं पुन्हा हसू.
"ठोकायचं शब्दावर, पोरी.
आवाज आपल्यातनं येतो."

गेला अख्खा हिवाळा ते एकाच गोष्टीत होते:
नदीच्या उतारावर रात्रभर कुणाशी तरी झुंजलेला माणूस,
पहाटे लंगडत निघालेला.
मी ती तीन मिनिटांत वाचली होती.
"थंडी होती का?" त्यांनी विचारलं.
"बायकापोरं पलीकडं गेली, हा एकटा मागं का?
आणि कुठला पाय?"
पाय मला माहीत नव्हता.
"लिहिलेलाच नाही. पण विचारल्याशिवाय
तो लंगडताना दिसत नाही."

मग मी कबूल केलं, नावांच्या याद्या मी गाळते.
हा त्याचा मुलगा, तो ह्याचा, पानंच्या पानं.

ते उठून उभे राहिले.
ब्लँकेट सारखं केलं, टोपी काढली
आणि यादी वाचू लागले, बोट फिरवत.
अडखळले तर ते नाव पुन्हा पहिल्या अक्षरापासून.
मध्येच म्हणाले, "एकदा खाली छत आलं.
वर फाटकापाशी कारकून नावं वाचत होता. तेरा.
आठवं झालं आणि कागद मिटला त्यानं.
बाकीची फळ्यावर लावलीत, म्हणाला.
फळा वाचता येत नव्हता आमच्यात कुणालाच.
माझा भाऊ अकरावा होता."

आणि पुढची नावं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं,
जे कळतच नाही त्याचं काय करायचं?
"टेकू लावायचा. निलगिरीचा ओंडका.
खडूनं खूण करायची आणि वळसा घालून पुढं.
टेकू मात्र काढायचा नाही,
आणि जागा विसरायची नाही."

तक्ता मी फाडला नाही.
त्याच्या पाठीवर तेरा नावं उतरवून घेतली,
ते सांगतील तशी.
अकरावं त्यांनी स्वतः लिहिलं,
थोरल्या अक्षरांत, ओळ सोडून वर चढणारं.

सोमवारपासून पुन्हा खिसे.
रात्री आता चार ओळी, कधी दोन.
काल एकच झाली:
परक्या मुलखातली बाई मागं पडलेली कणसं वेचतेय,
आणि मालक गड्यांना सांगतोय,
तिच्यासाठी थोडी मुद्दाम सांडा.

शेजारच्या मशिनीवर नवी मुलगी आलीय.
तिचा दोरा तुटला की मी वर बघत नाही,
माझे एकशे ऐंशी चुकतात.

ठोकलं.
भद्द वाजलं.
तिथंच थांबलेय.