काट्यावरचा माणूस

मैनावती पहिल्यांदा भेटली ती पाण्यात नाही,
अंबडला, माझ्या वजनकाट्यावर.
कसारा घाट चढून आलेला ट्रेलर, त्यावर झोपवलेली डोलकाठी,
पोटाखाली शिशाचा कणा गोणपाटात गुंडाळलेला.
पावती मीच फाडली :
ट्रेलर वजा जाता पाच हजार सहाशे चाळीस.
अष्टपुत्रे बाईंनी पावती वाचली, मग मला वाचलं.
"आणि तुमचं?"
"ब्याण्णव," मी म्हणालो, लाजत.
"छान," म्हणाल्या. "रविवारी गंगापूर धरणावर या."

आजवर माझ्या वजनाला
छान म्हणालेलं माणूस हे पहिलंच.

शीड मला कळत नाही. दोर कळतात थोडे,
ट्रकवर ताडपत्री आवळणारे हात आहेत.
पण बाईंनी दोरही दिला नाही.
"तुमचं काम वजन असणं.
मी ओरडले की त्या कठड्यावरून या कठड्यावर.
मधली आडवी काठी डोकं फोडते, तेवढी वाकून चुकवा."

अकरा जण आम्ही.
विंचवर थेटे बंधू, एकमेकांशी न बोलणारे,
नाळेवर गोवर्धनची कावेरी बेंडकुळे,
जिचा बाप याच पाण्यात जाळी टाकतो
आणि आम्हाला बघून मान हलवतो :
एवढे लोक, आणि मासा एक नाही.

चैत्रातली दुपार. पाणी उतरलेलं,
काठावर पट्टे, जुन्या कपातल्या चहाच्या रेघांसारखे.
सहा बोटी, तीन फेऱ्या.
अंजनेरीकडून वारा आला तो पाणी काळं करत,
आधी दिसला, मग लागला.
मैनावती कलली आणि आम्ही सात जण
उंच कठड्यावर ओळीनं, पाय बाहेर, पोट तारेवर,
वल्हांडणीवर चिमण्या बसाव्यात तसे,
फक्त ब्याण्णव किलोच्या.

"वळतेय!"
आडव्या काठीखालून सरपटत पलीकडे.
गुडघा सोलला. कोपर कुणाच्या तरी दातांवर.
"वळतेय!"
पुन्हा.
दुसऱ्या बॉयला फुग्याचं शीड वर अडकलं,
अर्धं फुगलेलं, अर्धं पिळलेलं धुणं,
आणि कावेरी चढली डोलकाठीवर
कुणी सांगायच्या आधी.
खाली आम्ही श्वासही एकाच बाजूला घेत होतो.
शीड सुटलं तेव्हा जो आवाज झाला
तो अजून कधी कधी गोदामाचं शटर उघडताना येतो.

शेवटच्या फेरीत वारा मेला.
मेला म्हणजे मेलाच, पाण्यावर माशी चालेल असा.
बाई कुजबुजल्या : "सगळे खालच्या बाजूला. हळू.
शीड वाऱ्यानं भरणार नाही, आता तुमच्या भारानं लोंबू द्या."
आम्ही मांजरासारखे सरकलो, बसलो.
थेट्यांपैकी धाकट्याला शिंक आली, ती त्यानं गिळली.
मी पाय बदलला. एवढासा. वीतभरही नाही.
सुकाणूवरून आवाज आला, मागं न बघता :
"ब्याण्णव, हलू नका."

माझा काटा दहा किलोच्या खाली मोजत नाही.
बाईंच्या तळहातानं वीतभर पाय मोजला.

चौथे आलो. नागपूरची बोट
आमच्या शेजारून गेली, इतक्या सावकाश
की त्यांच्यातल्या एकानं "राम राम" केला
आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही.

सोमवारी कांद्याचा ट्रक आला.
"ड्रायव्हर, उतर खाली."
"माझ्यानं काय फरक पडतो, शेठ?"
मी काही बोललो नाही. गुडघा ठणकत होता.
उतर म्हणालो पुन्हा.

रात्री गेट लावलं, दिवा ठेवला एकच,
आणि रिकाम्या काट्यावर मधोमध जाऊन उभा राहिलो.
खिडकीतून लाल आकडे : नव्वद.
मी पाय बदलला.
नव्वद.