वायसर

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
चवरीसच्या माळांचा वास माझ्या पेढीपर्यंत येतो,
सोनं मात्र कुणी आणत नाही.
कामुर्लीची कासिल्दाबाय आली,
बिस्किटांचा डबा तिनं मखमलीवर पालथा केला.
छत्तीस नाणी.
'घोवाची,' म्हणाली. 'आफ्रिकेतली. बंदरात कारकून होता तो.'

पहिलं उचललं. त्यांच्या स्वातंत्र्याचं पहिलं वर्ष.
किंमत एक. फक्त एक, आणि वर तारा.
कसोटीवर ओढलं, तेजाबाचा थेंब सोडला.
चांदी. बरी होती.
पाचवं वर्ष, दहा. चांदी गेलेली, वजन अजून शाबूत.
दहावं वर्ष, पाचशे. कड इतकी बोथट
की अंगठ्याला कळेना कुठे संपलं.
पंधराव्या वर्षाचं पन्नास हजार तर
चिमट्यात धरायच्या आधीच उडालं
आणि माझ्या लोहचुंबकाला चिकटलं.
चाळीस वर्षं धातू पाहतोय.
इतका उतावीळ सोहळा पाहिला नव्हता.

तारा तोच होता.
शून्यांना जागा हवी म्हणून
दर खेपेला थोडा वर सरकलेला,
शेवटी कडेवर अर्धा कापला गेलेला.

एकावर मक्याचं कणीस,
दाणे मोजता येतील असं कोरलेलं.
'त्या वर्षी मका नव्हता,' ती म्हणाली.
'पगार ह्याच नाण्यांत. पोतं भरून.
घोव दुपारी घेऊन आला, मी तशीच धावले.
संध्याकाळ झाली असती तर
सहा अंड्यांची चार झाली असती.'
सांगता सांगता तिनं दोन बोटं मिटली.

अकरा नाण्यांना मधोमध भोक,
भोकाभोवती गंजाचं कडं.
मी विचारलं, बाय, हे गळ्यात घालायला?
'छपराला,' ती म्हणाली.
'खिळ्याखाली वायसर नसला की वारा पत्रा उपटतो.
दुकानदार एका वायसरचे दोन लाख मागायचा.
हे पन्नास हजारांत पडायचं.
इकडे यायला निघालो तेव्हा घोव शिडी लावून वर चढला,
एकेक उचकटून खिशात टाकलं.
अर्धा पगार छपरावर ठेवून कोण जातं, म्हणाला.'

चांदीची चार होती, तेवढी मी घेतली.
बाकीची तिच्याकडे सरकवली.
भंगारवाला किलोवर घेतो,
आणि ही सगळी मिळून पाव किलोही भरत नव्हती.

सुटे नव्हते. वरच्या दहा रुपयांसाठी
आपलंच एक नाणं दिलं, कोरं करकरीत,
कसल्याशा वर्धापनदिनाचं,
जे पोदेरसुद्धा दोनदा उलटून पाहतो.

कासिल्दाबायनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
आकडा वाचला नाही.
तळहातावर नाणं झेललं,
एकदा,
पुन्हा एकदा,
मग हात पुढे केला
आणि माझा लोहचुंबक मागितला.